बेचाळीस वाघिणी आणि बंद रस्ता

मे महिन्याचा शेवटचा आठवडा कोकणातल्या रेल्वेच्या मालधक्क्यांवर खताचा आठवडा असतो. मृग लागण्यापूर्वी, पाऊस वाटा अडवू लागण्यापूर्वी, खरिपाचा युरिया तालुक्याच्या खरेदी-विक्री संघांच्या आणि गावोगावच्या सोसायट्यांच्या गोदामांत जाऊन पडलेला असावा लागतो. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका आठवड्यातील एका दिवसाबद्दल मी लिहीत आहे. त्या दिवशी मी मालधक्क्यावर असण्याचे काही कारण नव्हते. माझे काम तिथून तीन किलोमीटर दूर, महामार्गावर होते.

मी वाहतूक नियोजनाचे काम करते. रत्नागिरी जिल्ह्यातील एका स्थानकालगत रेल्वे आणि रस्ता यांना जोडणारे मालवाहतूक केंद्र उभारता येईल का, याचा प्राथमिक अहवाल करण्याचे काम आमच्या सल्लागार संस्थेकडे आले होते आणि त्याची जबाबदारी माझ्यावर होती. पूर्ण लांबीची रेक, म्हणजे सबंध मालगाडी, उभी राहील असा मार्ग, कंटेनर ठेवण्यासाठी पक्के आवार, छपराखालचे गोदाम, मासळी आणि फळप्रक्रियेसाठी शीतगृह, वजनकाटा, मालट्रकांचा तळ आणि महामार्गापर्यंतचा जोडरस्ता, असा त्याचा साधारण आराखडा होता. हे काम माझ्याकडे आले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, कारण मी याच जिल्ह्यातली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण लांबीने सुरू झाली तेव्हा मी शाळेत होते. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग आणि त्यावर ९१ बोगदे, हे आकडे आम्हां मुलांना पाठ होते. तरीही रेल्वे आली म्हणजे चाकरमानी गणपतीला वेळेवर येणार, एवढाच तिचा अर्थ आमच्या घरात होता. या रुळांवरून माल जाईल, माल येईल आणि त्यावर इथे काही उभे राहील, हा विषय मोठ्यांच्या बोलण्यातही फारसा येत नसे. तो विषय माझ्या टेबलावर आला, याचे मला अप्रूप होते.

जागेचा प्रश्न पहिल्या महिन्यातच पुढे आला. कोकणात सपाट जमीन मागितली की कोणीही सड्याकडे, म्हणजे उंचावरच्या खडकाळ पठाराकडे, बोट दाखवतो. स्थानकापासून सरळ रेषेत दोन किलोमीटरवर जांभ्याचा विस्तीर्ण सडा आहे, वस्ती नाही, शेती नाही. मग केंद्र तिथेच का नको, असे आम्हाला प्रत्येक बैठकीत विचारले गेले. त्याचे उत्तर चढात आहे. कोकण रेल्वेच्या मार्गाचा नियामक चढ १५० मीटरला १ मीटर असा धरलेला आहे आणि तो सडा रुळांपेक्षा सुमारे ८० मीटर उंच आहे. म्हणजे वर पोचायला रुळांची वाट १२ किलोमीटर फिरवत न्यावी लागेल, तीही दऱ्या आणि वहाळ ओलांडत. शिवाय रेक जिथे उभी करायची तो भाग जवळजवळ सपाट लागतो; नव्या यार्डासाठी १,२०० मीटरला १ मीटर इतकाच उतार इष्ट मानला जातो, कारण इंजिन सोडल्यावर वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, जागच्या हलता कामा नयेत. अशी ७०० मीटर लांब पट्टी स्थानकाच्या पूर्वेला एकाच ठिकाणी होती आणि ती मळ्याची होती. पाणी धरणारी, दुबार होणारी भातखाचरे. सातबाऱ्यावर एकेका गुंठ्याला आठ-दहा नावे, त्यातली निम्मी मुंबईत. मालधक्क्यावरच्या हमालांचे मुकादम याच गावचे, आणि त्यांचेही त्या मळ्यात सामाईक तीन गुंठे होते. मी नकाशा घेऊन फिरत असे तेव्हा ते मला सीमेचे दगड दाखवायला येत. जमिनीबद्दल मात्र स्वतःहून कधी बोलत नसत.

त्यामुळे आराखड्यातली प्रत्येक चौरस मीटर जागा मी कसोशीने वाचवली होती. मालधक्क्याला लागून छपराखालचे गोदाम किती मोठे हवे, याचा हिशेब मी असा केला होता: रेक लागते, हमाल वाघिणीची दारे उघडतात, गाड्या मागे लावून गोणी थेट गाडीत भरतात आणि गाडी गोदामाकडे जाते. याला धक्क्यावर ‘डायरेक्ट’ म्हणतात. गोणी आधी धक्क्यावर रचून मग गाडीत भरली तर ती ‘थप्पी’. थप्पीत एकाच गोणीला दोनदा हात लागतो, मजुरी वाढते, गोणी फाटण्याचा संभव वाढतो, म्हणून मालवाल्याला नेहमी डायरेक्टच हवे असते. मागच्या दोन हंगामांच्या नोंदींवरून सुमारे सत्तर टक्के माल डायरेक्ट जातो असे दिसत होते. उरलेल्या तीस टक्क्यांना पुरेल एवढे, १,२०० चौरस मीटरचे गोदाम मी धरले. हिशेबात चूक नव्हती. ज्या दिवसांच्या सरासरीवर तो बेतला होता ते दिवस मात्र मी नीट पाहिले नव्हते.

त्या दिवशी पहाटे पावणेपाचला ४२ वाघिणींची युरियाची रेक लागली. मला ते नंतर कळले. मी सहा वाजता वाहने मोजणाऱ्या माझ्या चार मुलांना घेऊन महामार्गावरच्या गणनेच्या ठिकाणी गेले. सात दिवसांच्या वाहनगणनेचा तो तिसरा दिवस होता. दर पंधरा मिनिटांना दोन्ही दिशांची वाहने प्रकारानुसार मोजायची, आणि पोलिसांच्या मदतीने काही मालट्रक बाजूला घेऊन चालकांना चार प्रश्न विचारायचे: कुठून आलात, कुठे चाललात, काय माल, किती टन. आंब्याचा हंगाम सरत आला होता. मुंबईच्या दिशेने अजून पेट्यांचे टेम्पो दिसत होते, पण थोडे; त्यांची खरी वेळ रात्रीची.

सव्वानऊच्या सुमारास मुंबईकडून येणारी वाहने कमी होत होत थांबली. पाच-सात मिनिटांत दुसऱ्या बाजूची वाहने एकामागे एक उभी राहू लागली. पुढच्या घाटवळणावर गॅसचा टँकर उलटला होता. गळती आहे की नाही याची खात्री होईपर्यंत दोन्ही बाजूंची वाहतूक लांबवर अडवली गेली, आणि टँकर रिकामा करायला दुसरा टँकर व तज्ज्ञ माणसे येईपर्यंत काही हलणार नाही, असे पोलिसांनी सांगितले. कोकणातल्या माणसाला हे नवे नाही. रस्ता बंद झाला की आपण वेळ विचारत नाही, पाण्याची बाटली शोधतो. गणनेच्या तक्त्यावर माझ्या मुलाने सव्वानऊ ते साडेनऊच्या रकान्यात दोन आकडे लिहिले आणि पुढच्या रकान्यात शून्य. सवातासाने पाहिले तर एकाखाली एक पाच शून्ये उभी होती. ‘मॅडम, हा दिवस धरायचा की रद्द करायचा?’ असे त्याने विचारले. पुस्तकी उत्तर रद्द करायचा असे आहे, कारण असाधारण दिवस सरासरी बिघडवतो. मी त्याला तक्ता चालू ठेवायला सांगितले आणि उभ्या गाड्यांच्या रांगेतून चालू लागले.

एरवी चालक आम्हाला दोन मिनिटे देतात, कारण त्यांना निघायचे असते. त्या दिवशी कोणालाच निघायचे नव्हते. मी दुपारपर्यंत चाळीसएक चालकांशी बोलले असेन. छापील प्रश्नपत्रिकेतला ‘किती टन’ हा प्रश्न किती अपुरा आहे, ते तेव्हा कळले. मुंबईच्या बाजूला तोंड करून उभ्या असलेल्या अवजड गाड्यांपैकी बऱ्याच रिकाम्या होत्या. जिल्ह्यात सिमेंट, लोखंड, फरशी, धान्य, खत, किराणा येतो. जिल्ह्यातून त्या मानाने थोडेच जाते. कोल्हापूरकडचा एक चालक आंबा घाट उतरून साखर घेऊन आला होता. परतीला चिरे मिळाले तर चिरे, नाही तर रिकामी, असे तो म्हणाला. आपली खिशातली वही त्याने मला दाखवली. बोटभर जाडीची, कडा तेलकट झालेली, पानावर उभ्या तीन रेघा: तारीख, डिझेल, भाडे. काही तारखांपुढे फक्त एक आडवी रेघ होती. ‘हे काय?’ असे मी विचारले. ‘उभी,’ तो म्हणाला. ज्या दिवशी गाडी भाड्याची वाट पाहत नुसती उभी राहिली तो दिवस. मे महिन्याच्या पानावर अशा नऊ रेघा होत्या. आमच्या गणनेत ही गाडी येते ती जाताना एकदा आणि परतताना एकदा, दोन ठिपके म्हणून. मधले नऊ दिवस आमच्या तक्त्यात कुठेच नसतात. तिला उभे राहायला जागा, पाणी, संडास आणि परतीच्या मालाची खबर एके ठिकाणी मिळाली तर पैसे द्याल का, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘आत्ता कोणाला देतोय? टपरीवाल्याला देतोयच की.’

साडेबाराला मुकादमांचा फोन आला. त्यांनी यापूर्वी मला कधी फोन केला नव्हता. ‘मॅडम, तुम्ही ते गोदामाचं मोजत होतात ना, आत्ता येऊन बघा,’ एवढेच ते म्हणाले. मोटारसायकलवर मागे बसून मी आतल्या रस्त्याने धक्क्यावर पोचले.

रेक जशीच्या तशी उभी होती. एकशेवीस हमाल वाघिणींच्या सावलीत बसले होते. सकाळी तीस गाड्या लागल्या होत्या. पहिली फेरी घेऊन एकोणीस गाड्या महामार्गाने पलीकडच्या गोदामांकडे गेल्या आणि परत येताना टँकरच्या पलीकडे अडकल्या. अलीकडे राहिलेल्या अकरा गाड्यांनी जवळच्या सोसायट्यांकडे आणखी दोन-दोन फेऱ्या केल्या आणि ती गोदामे भरली. ४२ पैकी ११ वाघिणी रिकाम्या झाल्या होत्या. उरलेल्या ३१ मध्ये जवळपास १,९०० टन युरिया होता, म्हणजे ४५ किलोच्या चाळीस हजारांहून अधिक गोणी, आणि त्या न्यायला एकही गाडी नव्हती.

ही अडचण वाचकाला नीट कळावी म्हणून थोडे सविस्तर सांगते. रेक लागल्यापासून ती रिकामी करायला ठरावीक तास मिळतात. ते उलटले की दर वाघिणीमागे, दर तासाला डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, सुरू होते. ते टाळायला माल धक्क्यावर उतरवला तर डेमरेज थांबते, पण धक्का ही रेल्वेची जागा, तिथेही ठरावीक वेळेनंतर व्हार्फेज, म्हणजे जागा अडवल्याचा आकार, लागते. शिवाय उतरवायचा तर थप्पीची दुप्पट मजुरी. आणि हे सगळे द्यायची तयारी असली तरी माल ठेवायचा कुठे? त्या धक्क्यावर जुन्या पत्र्याच्या छपराखाली पाच वाघिणींचा माल कसाबसा मावतो. बाकी उघडे. रेक रिकामी होत नाही तोवर तो मार्ग अडलेला. मार्ग जवळजवळ सगळा एकेरी असल्यामुळे समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट द्यायला स्थानकातले जादा मार्गच कामी येतात. मागच्या एका स्थानकावर सिमेंटची दुसरी रेक या धक्क्यावर यायची वाट पाहत तसाच एक मार्ग धरून थांबली होती. टँकर उलटला होता महामार्गावर, आणि त्याचा ताण मागच्या स्थानकातल्या रुळांवर पोचला होता. आमच्या अहवालाच्या पहिल्या पानावर ‘रेल्वे आणि रस्ता यांची जोडणी’ असे शब्द मी किती वेळा लिहिले होते. जोडणी अशीही असते, हे मी त्या धक्क्यावर पाहत होते.

मालवाल्याचा हाताळणीचा ठेकेदार दोन फोन कानाला लावून येरझारा घालत होता. पूर्वेला सह्याद्रीच्या बाजूला ढग चढू लागले होते. मेअखेरीचा वळीव तिकडूनच येतो आणि साधारण चारच्या पुढे. मुकादमांनी मला एका वाघिणीच्या दारापाशी नेले. त्यांनी एक गोणी पुढे ओढली, तिच्या शिवलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘गोणीला आतून प्लॅस्टिक असतं, अंगावर पाणी पडलं तर सोसते. पाणी ह्या शिवणीतून शिरतं. एकदा शिरलं की दगड.’ ओला झालेला युरिया सुकला की त्याची ढेप बनते आणि ती शेतकऱ्याच्या हाताने फोकता येत नाही. मग त्यांनी मला प्रश्न केला, जो मी माझ्या नकाशाला कधी विचारला नव्हता. ‘गाडी आली तर डायरेक्ट. गाडी नाही आली तर गोणी ठेवायची कुठं?’

दुपारी दोनच्या सुमारास मुख्य मार्गावरून रोरोची गाडी गेली. सपाट वाघिणींवर एकामागे एक साखळ्यांनी जखडलेले मालट्रक, आणि त्यांच्या केबिनमध्ये आपापले चालक बसलेले. ही सेवा २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड आणि वेर्णा यांच्या दरम्यान सुरू झाली, पुढे ती सुरतकलपर्यंत गेली, आणि रेल्वे व रस्ता यांच्या जोडणीचा तो कोकणातला सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत सुंदर प्रयोग आहे. लांब पल्ल्याचा ट्रक घाट, वळणे, डिझेल आणि टायरची झीज हे सगळे टाळून बसल्या जागी शेकडो किलोमीटर पुढे जातो. धक्क्यावरचे हमाल उभे राहून त्या गाडीकडे पाहत होते. मीही पाहत होते. खाली महामार्गावर तसेच ट्रक सकाळपासून उभे होते आणि हे ट्रक बोगद्यांतून गोव्याकडे चालले होते. पण ते चालले होते कारण त्यांना इथे उतरायचे नव्हते. ज्या मालाला याच जिल्ह्यात उतरायचे आहे, याच गावांत जायचे आहे, त्याला रुळांवरून रस्त्यावर कुठे तरी यावेच लागते, आणि ती जागा अडली तर रोरो त्याच्या कामाची नाही.

अडीच वाजता ठेकेदाराने निर्णय घेतला. छपराखाली पाच वाघिणी उतरवायच्या, आणि जेवढ्या ताडपत्र्या आहेत तेवढ्यात झाकतील अशा चार वाघिणी उघड्या धक्क्यावर, लाकडी फळ्या टाकून, त्यांवर थप्पी मारून. बाकी २२ वाघिणी बंद ठेवायच्या आणि डेमरेज सोसायचे. मला हा निर्णय तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. हमालांनी पुढचे दोन तास जे काम केले ते मी जवळून पाहिले आहे. फळीवरून गोणी पाठीवर येते, माणूस वळतो, सहा पावले चालतो, आणि गोणी आधीच्या दोन गोणींच्या सांध्यावर आडवी पडते, विटेवर वीट बसावी तशी. थप्पीचे कोपरे सरळ राहिले नाहीत तर ताडपत्री ताणून बसत नाही आणि पाणी खोलगटात साचते, म्हणून मुकादम कोपऱ्यावर स्वतः उभे होते.

साडेचारला वारा सुटला आणि पावसाला सुरुवात झाली. माझी मुले एव्हाना महामार्गावरून इकडे आली होती. ताडपत्रीच्या कडा धरायला हात कमी पडत होते, म्हणून आम्ही सगळेच धरून उभे राहिलो आणि हमाल जांभ्याचे चिरे आणून कडांवर ठेवत गेले. पाऊस वरून आला असता तर फारसे काही बिघडले नसते. तो आडवा आला. धक्क्याच्या फरशीत जिथे चिरे उखडून खड्डे पडले होते तिथे पाणी साचले आणि खालच्या थरातल्या फळ्या त्या पाण्यात बसल्या. पंचेचाळीस मिनिटांनी पाऊस थांबला तेव्हा चारशेच्या वर गोणी भिजलेल्या निघाल्या. एकूण मालाच्या मानाने हा आकडा लहान आहे. पण मुकादम प्रत्येक गोणी वेगळी काढून ठेवत होते, आणि त्या रांगेकडे पाहताना मला तो लहान वाटत नव्हता. एका सोसायटीचे सचिव छत्री घेऊन सकाळपासून धक्क्यावर बसून होते. त्यांच्या गावाला मागच्या खरिपातही खत उशिरा मिळाले होते.

सव्वासातला एकेरी वाहतूक सुरू झाली. आधी रुग्णवाहिका, एसटी, प्रवासी वाहने, मग माल. अडकलेल्या गाड्या धक्क्यावर यायला रात्रीचे नऊ वाजले, आणि चालक दिवसभर उन्हात बसून इतके थकले होते की काहींनी आधी दोन तास झोप घेतली. रेक दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला रिकामी झाली.

मी आठवडाभराने कार्यालयात गेले आणि गोदामाचा हिशेब नव्याने मांडला. गृहीतक एकच: रेक लागली आणि त्या दिवशी एकही गाडी आली नाही. २,६०० टन युरिया, दहा-बारा गोणी उंचीची थप्पी, म्हणजे चौरस मीटरला सुमारे एक टन. त्यात चालायला वाटा आणि मालवार वेगळेपणा धरला की छपराखाली सुमारे ४,००० चौरस मीटर लागतात. एक एकर. चाळीस गुंठे. माझ्या पहिल्या आकड्याच्या तिपटीहून अधिक, आणि तेही त्या मळ्यात. ज्या भातासाठी ते खत येत होते, त्याच भाताची जमीन त्या खताच्या गोदामासाठी मागावी लागणार होती. हे मी अहवालात याच शब्दांत लिहिले, कारण ते झाकून ठेवण्यात अर्थ नव्हता.

आमच्या वरिष्ठांचा आक्षेप स्वाभाविक होता. वर्षातून दोन-चारदा घडणाऱ्या प्रसंगासाठी कायमचे बांधकाम का करायचे? मी त्यांच्यापुढे कोकणचा ताळेबंद ठेवला. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आणि वाशिष्ठीवरचा खचलेला महामार्गाचा पूल; २०२२ च्या उन्हाळ्यात परशुराम घाट रुंदीकरणासाठी रोज दुपारी काही तास बंद ठेवावा लागला तो महिना; दर पावसाळ्यात आंबा, कुंभार्ली, करूळ, भुईबावडा या घाटांतल्या दरडी; आणि रेल्वेच्या बाजूने पावसाळी वेळापत्रक, कमी केलेला वेग, कटिंगमध्ये दगड येतो का हे पाहत चालणारे गस्तवाले. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि डोंगर अजून हलतो. इथल्या वाहतुकीत अडथळा हा अपवाद धरून चालत नाही. रेल्वे आणि रस्ता दोन्ही वेळेवर चालतील तेव्हा हे गोदाम अर्धे रिकामे दिसेल, हे मला मान्य होते. पण दोहोंपैकी एक थांबल्यावर दुसऱ्याला थांबावे लागू नये, यासाठीच तर केंद्र बांधायचे. नाही तर मालधक्का आहेच की.

आंब्याबद्दल मात्र मला लोकांची निराशा करावी लागली, आणि त्याचे मला वाईट वाटते. गावच्या बैठकीत पहिला प्रश्न हापूसचाच आला. हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, मग रेल्वेने तो थेट का जात नाही? आंबा संध्याकाळी बागेतून निघतो आणि पहाटे वाशीच्या बाजारात लागतो. साडेतीनशे किलोमीटरच्या आतल्या या प्रवासात रेल्वेने दोन्ही टोकांना दोन-दोन वेळा पेटी उचलायची म्हटले तर टेम्पो तिला सहज मागे टाकतो. दोन-अडीच महिन्यांच्या हंगामावर वर्षभराचे केंद्र चालत नाही. त्याचा आधार वर्षभर येणारे खत, सिमेंट आणि धान्य हाच राहील, आणि परतीला गोठवलेली मासळी, आंब्याचा रस, काजू, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतला माल असे कंटेनरमधून बंदराकडे जाणारे पदार्थ जोडत न्यावे लागतील. ताज्या हापूसच्या नावाने केंद्र मागणे सोपे आहे, पण तसे केले तर ते दुसऱ्या वर्षीच ओस पडेल, असे मी त्या बैठकीत स्पष्ट सांगितले. लोक गप्प राहिले. एका बागायतदारांनी नंतर येऊन माझे आकडे मागून घेतले.

गोदामाच्या जागेसाठी आम्ही पुन्हा जमीन चालून पाहिली. रेल्वेचे बांधकाम झाले तेव्हा जवळच्या कटिंगमधून निघालेल्या मातीदगडाचा ढिगारा स्थानकाच्या उत्तरेला पडून होता आणि त्यावर रान माजले होते. तो सपाट करून, दाबून, पाया खोल नेऊन सव्वीस गुंठे मिळू शकतात असे मोजणीत निघाले. उरले चौदा गुंठे मळ्यातले. चालकांच्या तळासाठी जोडरस्त्यालगतची वरकस जमीन सुचवली, आणि महामार्गाशिवाय दुसरी वाट म्हणून देवरूख-साखरप्यावरून आंबा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याचे रुंदीकरण, त्यावरच्या वहाळाची जुनी मोरी काढून सोळा मीटर लांबीचा ट्रेलर वळेल असा पूल, हेही अहवालात घातले. खर्च वाढला. कोल्हापूरच्या त्या चालकाच्या वहीतल्या आडव्या रेघांच्या आधारे परतीच्या मालाचे नोंदणी कार्यालय तळातच असावे, अशी एक वेगळी शिफारस मी केली.

चौदा गुंठ्यांत मुकादमांचे तीन होते. मोजणीच्या दिवशी ते आणि त्यांचे दोन भाऊ आले होते, मुंबईच्या चुलत्यांची संमती अजून यायची होती. जमीन द्यायची की नाही याबद्दल ते त्या दिवशीही काही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. तो त्यांच्या घरात बसून ठरवायचा विषय होता. मोजणीदार फीत धरून उभा असताना त्यांनी माझ्या हातातला आराखडा मागितला आणि गोदामाच्या चौकटीवर बोट ठेवून विचारले, ‘ह्याची पाखी कुठल्या बाजूला?’ मी दाखवले. रुळांकडच्या बाजूला वीजवाहिनी नसलेला, माल उतरवायचा मार्ग आणि त्यावर वाघिणीचे दार झाकेल एवढे पुढे काढलेले छप्पर होते. मागच्या, नैऋत्येच्या बाजूला गाड्या लागायच्या आणि तिथे छप्पर आखूड ठेवले होते.

‘वळीव इकडून आला,’ ते पूर्वेकडे हात करून म्हणाले, ‘पण चार महिने पाऊस मारतो तो तिकडून. गाडीत गोणी पडते ती जागा उघडी राहते बघा. तिकडची पाखी आणखी चार हात पुढे काढा, आणि खालची फरशी रुळाकडे नाही, गटाराकडे उतरती ठेवा.’

मी पेन्सिलीने नैऋत्येच्या बाजूची रेघ पुढे सरकवली, फरशीच्या उताराचा बाण उलटा केला, आणि मोजणीदाराने फीत पुढच्या दगडाकडे नेली.